अप्पांचं हेलिकॉप्टर

"हेलिकॉप्टरची किंमत नंतर विचारा," सलीमभाई म्हणाले. "आधी पात्यांची विचारा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. शाहूपुरीतल्या एका बोळात ते दुकान होतं. पुढे मोबाइलची कव्हरं टांगलेली, आणि आत, काचेच्या कपाटात, रिमोटवर उडणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं.

"पात्यांची का?" मी विचारलं.

"कारण ताई, हेलिकॉप्टर एकदाच घेणार. पाती दर आठवड्याला. शिकणारा माणूस आपटणारच. पाती महाग असली की चार दिवसांत खोकं माळ्यावर जातं. स्वस्त म्हणजे काय, तर मोडलेलं स्वस्तात जुळतं ते."

त्यांनी तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिल्यातल्या हेलिकॉप्टरला एकावर एक असे दोन पंखे होते. "हे सगळ्यात सोपं. दोन पंखे उलटसुलट फिरतात. रिमोट सोडून दिला तरी जागच्या जागी उभं राहतं."

"मग मी काय करायचं?" अप्पा म्हणाले.

"टाळ्या वाजवायच्या."

अप्पा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

तिसरं खोकं सर्वांत मोठं होतं. ते उलटंसुद्धा उडतं, असं सलीमभाई म्हणाले. "मला सुलटंच उडवायचंय," असं म्हणत अप्पांनी ते बाजूला सारलं आणि मधलं उचललं. एक मोठा पंखा, शेपटीला एक लहान. तळहातापेक्षा थोडं मोठं, पिवळ्या रंगाचं. पात्यांचा जोड साठ रुपयांना.

"हे कसं?"

"हे तुमच्यासारखंच, काका. सांभाळलं तर राहतं. नाहीतर जातं. काम काय करता तुम्ही?"

"क्रेनवर हाय. शिरोलीला, फाउंड्रीत. एकतीस वर्षं झाली."

अप्पा 'हाय' म्हणाले. त्या दिवशी ते क्रेनवर नव्हते, तीन आठवडे नव्हते.

रिमोट हातात घेऊन ते दाराशी उजेडात गेले आणि त्याच्या दोन दांड्या हलवून पाहू लागले. अंगठ्याने नव्हे, चिमटीत धरून, क्रेनच्या लिव्हरसारख्या. तेवढ्यात सलीमभाईंनी दुसऱ्या रिमोटवरचा, कोपऱ्यातला एक बारीक स्विच मला दाखवला.

"हा लक्षात ठेवा. वर असला की हेलिकॉप्टर स्वतःचा तोल स्वतः धरतं. खाली केला की तुम्ही धरायचा. म्हणजे वर असताना हेलिकॉप्टर उडतंय आणि खाली असताना तुम्ही उडवताय. काकांना आधी चार दिवस वर ठेवून द्या."

"नको," मी म्हणाले. "त्यांना स्वतःलाच उडवायचंय."

आमच्या रिमोटवरचा स्विच मी खाली करून घेतला.

फाउंड्रीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, आणि भट्टीला हार घालायचा मान अप्पांचा. तोही हाताने नाही. क्रेनच्या हुकाला झेंडूचा हार अडकवायचा आणि तीस फुटांवरच्या केबिनमधून तो भट्टीच्या तोंडावर अलगद उतरवायचा. एकही फूल चुरगळता कामा नये. खाली तानाजीकाका उभे असायचे. तानाजी पोवार, अप्पांच्या बरोबरीने लागलेले. वर्षभर तेच खालून हाताने खुणा करायचे आणि त्या खुणांवर अप्पा वितळलेल्या लोखंडाची बादली फिरवायचे. खालच्या एकाच माणसाचा हात बघायचा, बाकी कुणी ओरडलं तरी ऐकायचं नाही, हा क्रेनवरचा पहिला नियम. अप्पा म्हणायचे, "आईबापापेक्षा तान्याचा हात मी जास्त बघितलाय."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला हार भट्टीच्या कडेला आपटला, तुटला आणि फुलं राखेत पडली. कुणीतरी हसलं. तानाजीकाकांनी फुलं गोळा केली आणि म्हणाले, "वारं हुतं." शेडमध्ये वारं नव्हतं.

मॅनेजर पाटणकर साहेबांनी अप्पांना मिरजेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी अप्पांना कागदावर गोल काढायला लावले, पाण्याचा पेला उचलायला लावला. "हा कंपवात नाही," ते म्हणाले. "नेमकं काम करताना हात थरथरतो, तो प्रकार आहे. गोळीनं कमी होईल. पूर्ण जाईल असं सांगत नाही. आणि एक, भीतीनं हा वाढतो."

पाटणकर साहेब भला माणूस. स्टोअरमध्ये जागा आहे, पगार तोच, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, असं त्यांनी सांगितलं. "पण ज्ञानू, तुमचा हात तुम्हीच ओळखणार. तुळशीच्या लग्नापर्यंत मला सांगा. वर जायचं म्हणालात तर वर जा, नाही म्हणालात तर स्टोअर."

आता हात तपासायचा कशावर? साहेबांना सांगेपर्यंत क्रेनवर चढायची सोय नव्हती. पुढच्याच रविवारी गावाबाहेरच्या माळावर अप्पांनी सलीमभाईंचं हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबलेलं पाहिलं, आणि घरी येऊन मला म्हणाले, "उजू, ती क्रेनच हाय गं. फक्त वरनं दोर न्हाई."

मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. काहीही घ्यायचं तर आधी त्यावर छापलेलं सगळं वाचायचं, ही माझी खोड. आठवडाभर मी इंटरनेटवर शिकाऊ लोकांचे सल्ले वाचले. कुठलं टिकतं, कुठल्याचे भाग मिळतात, कशाने हात तयार होतो. म्हणून आम्ही त्या बोळात गेलो होतो.

आमच्या परसात धुण्याच्या दगडापासून हातभर अंतरावर एक सुटी शहाबादी फरशी होती. अप्पांनी तिच्यावर खडूने फुली मारली. "बॅटरी सात मिनटं चालती. सात मिनटं हे हितंच, फुलीच्या वर, कमरेएवढ्या उंचीवर थांबलं तर मी वर जाणार. न्हाईतर स्टोअरच्या कागदावर सही."

"एवढ्याशा खेळण्यावरून ठरवणार?"

"खेळणं न्हाई ते. हात हालला की हालतंय. डाक्टरपेक्षा खरं बोलतंय."

पहिल्या दिवशी ते दोरीवरच्या लुगड्यात शिरलं. लुगडं शेजारच्या आक्कांचं होतं. दुसऱ्या दिवशी तानाजीकाका बघायला आले, दगडावर बसले आणि म्हणाले, "ज्ञानबा, ह्ये यंत्र हाय का गोमाशी?"

"खुणा कर की लेका. बसून काय बघतोयस?"

तानाजीकाका खरंच उठले. फरशीपलीकडे उभे राहून त्यांनी हाताने खूण केली. वर. थांब. डावीकडे. हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि शिकाऊ माणूस तिथेच आपटतो, असं मी वाचलं होतं. अप्पा तिथे एकदाही चुकले नाहीत. एकतीस वर्षं समोरच्या माणसाच्या डाव्या हाताला आपला उजवा करत आलेले. त्यांना सगळं कळत होतं. वाऱ्याची झुळूक यायच्या आधी ते दांडी वळवत होते. पण दांडीवरची चिमूट थरथरायची, आणि त्या थरथरीबरोबर ते पिवळं हेलिकॉप्टर हवेत शहारायचं, एका बाजूला घसरायचं आणि पडायचं.

आठ-दहा दिवसांत पात्यांचे पाच जोड गेले. अप्पा गोळी वेळेवर घेत होते. माझ्यासमोर चहा प्यायचे मात्र ते बंद झाले. कप अर्धाच भरून घ्यायचे आणि परसात जाऊन प्यायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा कोण कुठे चहा पितं हे लपत नाही. एकदा मी मागे गेले तर ते कप दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, ओठ कपाकडे नेत होते. मी तशीच परत फिरले.

तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार. अप्पा आंघोळीला गेले होते. रिमोट खिडकीत होता. मी तो उचलला आणि नखाने स्विच वर केला.

माझ्या मनात काय होतं ते जसं होतं तसं सांगते. डॉक्टर म्हणाले होते, भीतीनं वाढतो. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा हे नीट थांबलेलं त्यांनी बघावं. भीती जाईल. भीती गेली की हात सुधारेल. मग मी स्विच खाली करेन आणि तेव्हाही ते थांबेल.

तानाजीकाका आले. अप्पांनी दांडी उचलली. हेलिकॉप्टर फरशीवरून वर चढलं, कमरेच्या उंचीवर आलं आणि थांबलं. किंचित डुललं, पुन्हा सावरलं. एक मिनिट. दोन. तानाजीकाकांचा हात 'थांब' या खुणेत वर गेला होता तो तसाच राहिला. मी घड्याळ बघत होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पाचव्या मिनिटाला अप्पा हळूच म्हणाले, "तान्या, बघतोयस न्हवं?"

"बघतोय."

सातव्या मिनिटाला बॅटरी उतरली आणि हेलिकॉप्टर स्वतःहून फुलीवर येऊन बसलं. तानाजीकाकांनी अप्पांना उचलायचाच बेत केला. साठीला आलेली दोन माणसं धुण्याच्या दगडापाशी एकमेकांना ढकलत हसत होती.

"उद्या चढ वर," तानाजीकाका म्हणाले. "खाली मी हाय."

अप्पा माझ्याकडे वळले. रिमोट माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "उजू, तू ते पुस्तक वाचलंयस. ह्यात आपोआप थांबायचं काय नसतंय न्हवं? हे माझ्याच हातानं थांबलं?"

पुस्तिका इंग्रजीत होती. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं.

"तुमच्याच हातानं," मी म्हणाले.

संध्याकाळी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी ते पाटणकर साहेबांच्या घरी जाऊन आले होते, पेढे घेऊन. सोमवारी साहेबांनी रिकामा हुक दोन फेऱ्या फिरवून बघितला. तो नीट फिरला. रिकाम्या हुकाला काय होणार. मंगळवारपासून अप्पा वर चढले.

सात आठवडे काही झालं नाही. दर रविवारी ते परसात उडवायचे, एक बॅटरी, आणि खुशीत आत यायचे. दर रविवारी मी मनाशी म्हणायचे, गोळी लागू पडली असेल, पुढच्या रविवारी स्विच खाली करून बघू.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी फाउंड्रीतून ग्रंथालयात फोन आला. अप्पा ठीक होते. साच्यापाशी बादली थांबवताना झटका बसला, लोखंड कडेवरून हिंदकळलं आणि तानाजीकाकांच्या उजव्या पायावर पडलं. बूट होता, तरी. मी पोचले तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. अप्पा क्रेनच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. त्यांच्याशेजारी कुणी नव्हतं.

"तान्यानं थांब म्हणून खूण केली," ते म्हणाले. "मी थांबवलं. थांबवलं हुतं मी."

तानाजीकाकांच्या पायाची तीन बोटं काढावी लागली. अप्पा दवाखान्यात गेले, तेव्हा काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तानाजीकाका पुन्हा कधी आमच्या परसात आले नाहीत. नऊ वर्षांनी अप्पा गेले तेव्हा मी निरोप पाठवला. तेव्हाही आले नाहीत.

अपघातानंतरच्या रविवारी सकाळी अप्पा रिमोट घेऊन परसात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बॅटरी मीच रात्रभर चार्ज करून ठेवली होती, कशाला ते माहीत नाही, सवयीने. हेलिकॉप्टर वर गेलं आणि फुलीवर थांबलं. अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. हात थरथरत होता, खिडकीतून मला दिसण्याइतका. हेलिकॉप्टर हलत नव्हतं.

त्यांनी मुद्दाम दांडी जरा जोराने हलवली. हेलिकॉप्टर कलंडलं आणि आपोआप सरळ झालं. पुन्हा हलवली. पुन्हा सरळ झालं. एकतीस वर्षं लिव्हरवर काढलेल्या माणसाला यंत्रात काय चाललंय हे कळायला एवढं पुरतं. त्यांनी रिमोट उलटसुलट करून बघितला. चष्मा कपाळावर नेला, एकेक बटण चाचपलं. कोपऱ्यातल्या स्विचवर बोट थांबलं. त्यांनी तो खाली केला.

हेलिकॉप्टर शहारलं, डावीकडे गेलं आणि दगडावर आपटून फुटलं.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पहिलं वाक्य तोंडात होतं. अप्पा वाकून तुकडे गोळा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॅटरी उतरली बघ."

"अप्पा..."

"उतरली गं. व्हतंय तसं." तुकडे त्यांनी टोपीत घेतले. "भाकरी करपंल आत. जा."

मी आत गेले. भाकरी खरंच करपली होती.

शुक्रवारी चौकशी होती. अप्पांनी मला रजा घ्यायला लावली. स्कूटीवरून जाताना मागे बसून ते एकदाच बोलले. "तिथं तू काय बोलू नगंस."

पाटणकर साहेबांच्या केबिनमध्ये बाहेरून आलेले एक अधिकारी होते, तपकिरी स्वेटर घातलेले. त्यांनी अप्पांपुढे कोरा कागद ठेवला. "तुमच्या शब्दांत लिहा. काय झालं, कसं झालं."

अप्पांनी पेन घेतलं. 'मी' लिहायला गेले आणि वेलांटी कागदभर गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पोरगी लिहील. मी सांगतो."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. नवा कागद माझ्यापुढे आला.

"मी, ज्ञानदेव कृष्णा इंगवले, वय सत्तावन्न," अप्पांनी सुरुवात केली. घरात बोलत तसं नाही, थांबून थांबून, छापील मराठीत. मी लिहीत गेले. तारीख, पाळी, साच्याचा नंबर, तानाजी पोवार यांनी योग्य वेळी योग्य खूण केली, त्यांची चूक नाही.

"माझ्या हाताला कंप आहे," अप्पा म्हणाले. "तो गोळीने थांबलेला नाही, हे मला माहीत होतं. घरी मी तपासून बघितलं होतं."

माझं पेन थांबलं.

पाटणकर साहेब पुढे झुकले. "ज्ञानू, असं कसं? तुम्ही पेढे घेऊन आला होता माझ्याकडे. हात बरा झाला म्हणून तुमचा चेहरा मी बघितलाय. तुम्हाला मनापासून वाटलं होतं ना? मग तसं सांगा. मनापासून वाटणं वेगळं आणि लपवणं वेगळं. फार फरक पडतो हो त्यानं."

"कशावरून वाटलं, तेही लिहावं लागेल मग," अधिकारी म्हणाले.

अप्पांनी माझ्यापुढचा कागद बोटाने सरळ केला.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "ठाऊक हुतं मला. पेढे खोटे हुते."

"अप्पा, असं नव्हतं," मी हळू म्हणाले.

"काय म्हणतात त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"काय न्हाई. मी भराभरा सांगतोय, तिचा शब्द सुटला." मग माझ्याकडे वळले, आणि मी लहान असताना पाढे म्हणून घेताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "लिही, उजू. 'हे माहीत असूनही मी साहेबांना हात बरा असल्याचं खोटं सांगितलं आणि क्रेनवर चढलो.' लिहिलंस?"

पाटणकर साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी लिहिलं.

"'याला मी एकटा जबाबदार आहे.' पूर्णविराम दे."

मी पूर्णविराम दिला. कागद अप्पांकडे सरकवला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सही केली. सही ओळ सोडून खाली गेली, पुन्हा वर आली आणि कागदाच्या कडेला जाऊन संपली. अधिकाऱ्यांनी ती निरखून पाहिली. पुराव्याला तेवढी पुरेशी होती.

"ताई, तुमचीपण लागेल," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, म्हणून. इथं, खाली."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली.

मी सही केली. एका दमात, ओळीवर, सरळ. माझा हात जरासुद्धा हलला नाही.